पाय पाण्याबाहेर

"पायऱ्याची विहीर आहे तिथं, कोकिळे. दुहेरी फडक्यातून गाळल्याबिगर पाणी तोंडाले लावू नको, आन् पोरीले तं मुळीच देऊ नको."

बाळंतपण आटोपून कोकिळा सासरी निघाली तेव्हा कळंबच्या घरापुढं गाडी जुंपून उभी होती, टोपड्यातली छबू मांडीवर झोपली होती, आणि विमलताई पिठाचे हात पदराला पुसत लेकीला तेच ते परत सांगत होत्या. त्यांच्या मामाला नारू निघाला होता आणि लहानपणी तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

कोकिळा हसली होती. "आई, तू पाण्यालेही भेतं का आता?"

तशी कोकिळा स्वतः काही कमी भित्री नव्हती. अमरावतीच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकली, पण हॉस्टेलात पाल दिसली की खाटेवर चढून बसायची. लग्न होऊन करंजखेडला आली तर गोठ्यातल्या बैलांच्या पुढून कधी गेली नाही, भिंतीला घासून मागूनच जायची. विजेला भ्यायची, सापाला भ्यायची, छबू जरा खोकली की तिचा जीव गोळा व्हायचा. पण डोळ्यांना दिसेल त्यालाच भ्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. करंजखेडच्या पायविहिरीचं पाणी इतकं नितळ होतं की खालच्या पायरीवर पडलेली लिंबाची पानं मोजून घ्यावीत. त्या पाण्याला काय भ्यायचं?

आईचा मान राखायचा म्हणून तिनं आल्या-आल्या एकदा माठावर दुहेरी फडकं बांधलं होतं. सासूनं ते पाहिलं आणि हातातला घडा खाली न ठेवताच विचारलं, "कोन मेलं वं विहिरीत?"

"कोणी नाही, आत्याबाई."

"मंग फडकं कायले?"

तेव्हा कोकिळेला कळलं. करंजखेडात पाणी गाळायचं ते विहिरीत कोणी जीव दिला तरच. विहीर उपसून, नारळ फोडून शुद्ध होईपर्यंत घरोघरी माठांवर फडकी चढायची. एरवी फडकं बांधणं म्हणजे गावाच्या विहिरीला बाटलेली म्हणणं. चिंधीपायी सासूशी कुठं भांडत बसायचं, म्हणून कोकिळेनं फडकं सोडलं, धुतलं आणि छबूचं दुपटं केलं. पुढं तिला त्याची आठवणही राहिली नाही.

मराठी राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. घाटंजीकडून येणारा रस्ता अखेर करंजखेडच्या शिवेपर्यंत आला होता, आणि खडी फोडणाऱ्या बंजाऱ्यांच्या टोळीनं पायविहिरीपलीकडच्या पडीत जमिनीत पालं ठोकली होती. आखाड लागला होता. कपाशीची पऱ्हाटी वीतभर वाढली होती, आणि तिच्या दुप्पट तण.

एके दिवशी तिचा नवरा पुंडलिक वावरातून लंगडत आला. "बाभळीचा काटा असन," म्हणाला आणि ओट्यावर पाय लांब करून बसला. उजव्या घोट्याच्या वर बोराएवढा फोड आला होता, तकतकीत, मधोमध पिवळा. कोकिळेनं सुई तापवून आणली, पण फोडात काटा दिसेना. रात्रीतून त्याला ताप भरला. सकाळी तो दोन्ही हातांनी पोटरी आवळून बसला होता.

"आग होते वं. निखारा ठेवल्यावानी."

दोन दिवसांनी फोड आपोआप फुटला. कोकिळा कोमट पाण्यानं जखम पुसत होती, तेव्हा तिला मधोमध पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसलं. धोतराचा धागा चिकटला असेल म्हणून तिनं तो चिमटीत धरला. धागा हलला.

तिनं हात मागं घेतला. सासू माजघरातून आली, वाकून पाहिलं आणि तिथंच खाली बसली. "नारू हाय," ती म्हणाली. "देवा, ऐन डवऱ्याच्या दिवसांत."

खरं सांगायचं तर त्या घडीला कोकिळेच्या मनात नवरा आला नाही. ती उठली, अंगणात माती खेळणाऱ्या छबूला उचलून दाराच्या उजेडात आणलं, घोंगडीवर पालथं घातलं आणि घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पाय बोटांनी चाचपले. एकदा चाचपले, पुन्हा चाचपले. छबूला गुदगुल्या झाल्या. ती खिदळत होती आणि कोकिळेची बोटं गार पडली होती. एकाच माठातलं पाणी. करंजखेडला आल्यापासून त्याच माठातलं.

शेजारचा उकंडा आला तो हातात तुरीची काडी घेऊनच. त्याच्या दोन्ही पायांवर जुन्या नारूंचे वण होते आणि यंदा पुन्हा एक डाव्या पोटरीत निघाला होता. त्याची काडी चिंधीनं पायालाच बांधलेली होती. त्यानं तुरीची काडी मधोमध चिरली, दोऱ्याचं टोक चिरेत अडकवलं आणि हळूच एक वेढा दिला. पुंडलिकानं दात खाल्ले.

"झालं. आता रोज एकच वेढा," उकंडा म्हणाला. "हा जनावर सरकारी मानसावानी असते. आपल्या चालीनंच येते, घाई करून उपयोग नाही. तुटला का मंग पाय सडते."

"किती दिवस लागते?" कोकिळेनं विचारलं.

"त्याची मर्जी. कधी पंधरवडा, कधी महिना. वहिनी, तुमचा हात बारीक हाय, तुमीच करा. याच्या हाती देऊ नका, हा तापट हाय."

दुसऱ्या सकाळपासून ते काम कोकिळेचं झालं. नवऱ्याचा पाय मांडीवर घ्यायचा, चिंधी सोडायची आणि श्वास रोखून काडीला वेढा द्यायचा. दोरा ताणला की थांबायचं. पलीकडून काहीतरी जिवंत ओढतंय, असं बोटांना कळायचं. आटोपलं की ती परसात जाऊन ओकायची, चूळ भरायची आणि भाकरी थापायला बसायची.

तण मात्र कोणासाठी थांबत नव्हतं. गावात माणूस मिळेना. ज्याच्या-त्याच्या वावरात तेच. सासूच्यानं उन्हात वाकवत नव्हतं. कोकिळेनं निंदायला सुरुवात केली, पण निंदून जेवढं मागं साफ व्हावं तेवढं पुढं वाढत होतं. ओळींमधून कोळप्यासारखा डवरा फिरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि डवरा म्हणजे बैल.

पहिल्या दिवशी तिनं गोठ्याच्या दाराशी बराच वेळ नुसतं उभं राहून काढलं. पाखऱ्या बैल मान हलवायचा आणि ती मागं सरायची. निंदायला मजुरीनं आलेली रुपीबाई हे बघत होती. ती टोळीतली बाई. हातभर पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे, पाठीशी झोळीत तिची लेक सोमली. नवरा रस्त्यावर खडी फोडायचा आणि ही कोणाच्या ना कोणाच्या वावरात.

"डरतं का याडी?" रुपीबाईनं विचारलं. टोळीतली माणसं बाईला याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"डरते," कोकिळा म्हणाली.

"बैलाले कळते तुही डर. मी पण डरते बैलाले. लहानपनी एकानं शिंगावर घेतलतं मले." तिनं पोलकं वर करून बरगडीवरचा वण दाखवला आणि हसली. "पर बैलाले सांगत नाही. तुही सांगू नको."

दोघींनी मिळून बैल जुंपले. तोंडाला मुसकं बांधायचं कोकिळा विसरली, आणि पहिल्या ओळीचं तास संपेपर्यंत पाखऱ्यानं शेंड्यांचे घास मारले. तास वाकडं गेलं. डवऱ्याच्या लोखंडी पासेनं तणाबरोबर पऱ्हाटीही कापली. मागं वळून पाहिलं तर ओळीतली झाडं आडवी झोपली होती. तिला रडू आलं. धुऱ्याच्या बांधावरून जाणाऱ्या दोघा गड्यांनी थांबून ते सगळं पाहिलं.

"काय वो, कालेजात हेच शिकवते काय?" एकानं विचारलं.

"शिकवत असतीन. परीक्षा बाकी असन," दुसरा म्हणाला.

रुपीबाईनं वाकल्यावाकल्याच त्यांना उत्तर दिलं, "या ना भाऊ, तुमी मास्तर व्हा. इकडं दुसरा डवरा हाय." गडी निघून गेले.

दुपारपर्यंत तळहातांचे फोड फुटून रुमण्याच्या मुठीला रक्त लागलं. रुपीबाईनं ओढणीची किनार फाडून तिच्या हातांना गुंडाळून दिली. धुऱ्यावरच्या पळसाखाली छबू आणि सोमली एकाच गोधडीवर खेळत होत्या. साधारण एकाच वयाच्या, एकीच्या हातात दुसरीचं खुळखुळं. तहान लागली की दोघी कोकिळेच्या घड्याजवळ यायच्या, आणि कोकिळा दोघींना एकाच गडव्यातून पाजायची. असे दिवसांमागून दिवस गेले. तास सरळ जायला लागलं. पाखऱ्या तिच्या हाकेला वळायला लागला. भीती काही गेली नव्हती, पण काम करताना तिला बाजूला कुठं उभं करायचं ते समजायला लागलं होतं.

आठवडी बाजाराला ती गाडीतून कोणाबरोबर तरी घाटंजीला गेली, ती मुद्दाम दवाखान्यात. डॉक्टर तरुण होते, दमलेले. दारापर्यंत रांग होती. तिनं सगळं सांगितलं.

"काडीला गुंडाळता आहात ते बरोबर आहे," ते म्हणाले. "ओढू मात्र देऊ नका. आणि पाय विहिरीत घालू देऊ नका. पाय पाण्यात गेला की हा जंत दुधासारखा स्राव सोडतो. त्यात हजारो पिल्लं असतात. पाण्यातले बारीक किडे ती खातात, आणि ते किडे माणसं पितात. तुमच्याकडे पायऱ्यांची विहीर आहे ना? सगळे पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहतात, हो ना?"

"हो."

"तेच. पाणी गाळून प्या. दुहेरी फडक्यातून."

आईचाच शब्द. कोकिळा टेबलाशी आणखी पुढं सरकली. "माझी मुलगी आहे. तीन वर्षांची होईल आता. तिच्या अंगात आहे का, ते कसं कळणार?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही कळत. आज प्यायलं तर साधारण वर्षानं बाहेर येतो. तोवर काही लक्षण नाही. वाट पाहायची."

"औषध?"

"नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतताना गाडीत बायका मिरच्यांच्या भावाबद्दल बोलत होत्या. कोकिळेच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. वर्षानं. छबूनं गेल्या आखाडात प्यायलेलं, काल प्यायलेलं, आज सकाळी प्यायलेलं, प्रत्येक घोटाचं वर्ष निराळं होतं. आणि सोमलीच्या घोटांचंही.

घरी येताच तिनं माठावर फडकं बांधलं. सासू काही बोलणार, तोच कोकिळा म्हणाली, "आत्याबाई, आज मला बोलू नका." कधी नव्हे तो तिचा आवाज ऐकून सासू तोंड फुगवून माजघरात गेली.

मग तो दिवस आला. डवऱ्याचं नाडं तुटलं म्हणून भर दुपारी कोकिळा दुसरं आणायला घराकडे निघाली. वाट पायविहिरीवरून जात होती. खालून बोलण्याचा आवाज आला म्हणून तिनं काठावरून सहज डोकावलं.

तिसऱ्या पायरीवर पुंडलिक बसला होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात, काडी वर पाण्यावर तरंगलेली. त्यानं डोळे मिटले होते, आणि कितीतरी दिवसांनी कपाळावरच्या आठ्या सुटल्या होत्या. एवढा निवांत चेहरा लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतच काय तो तिनं पाहिला असेल. शेजारी उकंडा, त्याचाही पाय पाण्यात. पलीकडून सासू आणि चार बाया घडे बुडवत होत्या. वावरातला घडा संपला म्हणून पोरींना घेऊन आलेली रुपीबाई गडव्यानं तो भरत होती, आणि सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर छबू आणि सोमली ओणव्या होऊन ओंजळींनी पाणी पीत होत्या.

पाण्यात त्याच्या पायाभोवती काहीतरी पांढुरकं सुटल्यासारखं कोकिळेला दिसलं. कदाचित आभाळाची सावली असेल.

ती कधी पायऱ्या उतरली ते तिला कळलं नाही. तिनं आधी दोन्ही पोरींना दंडाला धरून वर ओढलं.

"पाय बाहेर काढा," ती म्हणाली.

पुंडलिकानं डोळे उघडले. "काय?"

"पाय पाण्याबाहेर काढा."

"आग होते, छबूचे माय. इथं थोडं बरं वाटते. रोज येतो मी इथं."

रोज. म्हणजे ती वावरात असताना रोज.

"बसू द्या वो वहिनी," उकंडा म्हणाला. "डागदराच्या पुडीपेक्षा हे बरं."

"उकंडाभाऊ, तुम्हीही काढा." तिला जे सांगायचं होतं ते नीट जुळून येईना. जंत, पिल्लं, पाण्यातले किडे. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडं पाहून ते शब्द आणखीच वेडगळ वाटायला लागले. तरी तिनं सांगितलं. हाच नारू या पायातून पाण्यात जातो आणि या पाण्यातून पोरांच्या पोटात.

"आजापंज्यापासून लोकं याच विहिरीत पाय बुडवते," एक बाई म्हणाली.

"आन् आजापंज्यापासून नारू पण निघते," कोकिळा म्हणाली.

रुपीबाई एकटी खुदकन हसली. बाकी कोणी हसलं नाही.

सासूनं घडा पायरीवर ठेवला. "म्हणजे माह्या पोरानं गावाची विहीर बाटवली, असं म्हणतं का तू? चारचौघात?"

कोकिळेला नेमकं तेच म्हणायचं होतं. ती तिसऱ्या पायरीवर बसली, वाकली, आणि नवऱ्याचा पाय दोन्ही हातांनी पाण्यातून उचलून आपल्या मांडीवर घेतला. लुगडं भिजलं. बाईनं नवऱ्याच्या पायाला हात लावणं गावाला नवं नव्हतं. पण असं, लेकराचा पाय काढावा तसा? वरच्या पायरीवरच्या बाया बघत राहिल्या. पुंडलिकाचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. त्यानं पाय सोडवून घेतला, काठी टेकत उठला आणि एकेक पायरी चढून निघून गेला. उकंडानं कोणाकडे न बघता आपला पाय वर घेतला.

कोकिळेनं विहिरीवरूनच घमेलं भरून घेतलं. घरी ओट्यावर बसून त्यात पाय ठेवता येईल, ते पाणी नंतर उकिरड्यावर फेकता येईल; एवढंच त्याला समजावायचं होतं, आणि तेही एकट्यात. घमेलं डोक्यावर घेऊन ती अंगणात शिरली. पुंडलिक ओट्यावर बसला होता. त्याच्या हातात तुरीची काडी होती, आणि काडीवरून तुटलेला पांढरा दोरा लोंबत होता.

"काढून टाकला," तो म्हणाला. "आता कोन्ती विहीर बाटवू, सांग."

दुसऱ्या सकाळी पाय मांडीपर्यंत सुजून लाल झाला होता. बोट लावू देईना. तापात तो बडबडत होता. बैलांना हाका मारत होता, तुटलेल्या नाड्याबद्दल विचारत होता. सासू भिंतीला टेकून बसली होती आणि सुनेकडे बघत नव्हती. कोकिळेनंही तिच्याकडे पाहिलं नाही. आपण चारचौघात त्याचा पाय उचलला नसता तर? हा प्रश्न तिला त्या दिवशी आणि त्यानंतरही सोडणार नव्हता. पण पाय तसाच पाण्यात राहू दिला असता तर, हा दुसरा प्रश्नही त्याच्या मागोमाग यायचा, आणि पहिल्याचं तोंड बंद करायचा.

गाडी हाकायला माणूस नव्हता. उकंडाला उभं राहवत नव्हतं. कोकिळेनं छबूला सासूच्या मांडीवर दिलं, पाणी गाळूनच द्यायचं असं बजावलं, आणि गोठ्यात गेली. या वेळी ती दाराशी थांबली नाही. पाखऱ्यानं मान उडवली, तेव्हा शिंग तिच्या खांद्याला घासून गेलं. तिनं जू ठेवलं. तिनं आणि दोघी शेजारणींनी पुंडलिकाला उचलून कडब्यावर निजवलं.

नवा रस्ता अजून नुसता गोट्यांचा होता. प्रत्येक हिसक्याला मागून कण्हणं यायचं. नाल्यापाशी चाक चिखलात रुतलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं खाली उतरून चाकाला खांदा लावला आणि बैलांना ओरडली. तो आवाज आपलाच आहे हे तिला ओळखू आलं नाही. गाडी निघाली, आणि ती चिखलात तोंडावर पडली. उठून पळत जाऊन तिनं कासरा धरला.

"कोन शिकवलं तुले गाडी हाकाले?" मागून बारीक आवाज आला. तो शुद्धीवर होता.

"कोणी नाही. मले भेव लागते आहे. बोलू नका."

"डाव्या अंगाले घे. उजव्याले खड्डा हाय."

ती डावीकडं वळली. घाटंजी येईपर्यंत तो एवढंच बोलत राहिला: डाव्या अंगाले, उजव्या अंगाले. आणि ती ऐकत राहिली. पायविहिरीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दवाखान्यात त्याचा पाय चिरला. आतून निघालं ते भांडंभर होतं, आणि वास असा की दारातली माणसं बाजूला झाली. कोकिळेनं भांडं धरलं होतं. तिचे हात हलले नाहीत. नंतर ते तिनंच व्हरांड्याबाहेर नेऊन रिकामं केलं. पुढचे कितीतरी दिवस ती त्याच व्हरांड्यात तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत राहिली. दोन दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा म्हणाले, "पाय राहील. घोटा मात्र वळेलसं वाटत नाही."

पुंडलिक पडल्या-पडल्या तिच्या तळहातांवरचे घट्टे बघत होता. "डवरा किती झाला?" त्यानं विचारलं.

"नाल्याकडचा तुकडा राहिला आहे."

"तास सरळ पडते का?"

"आता पडते."

त्यानं डोळे मिटले. तसाच म्हणाला, "लई आग होत होती वं. म्हनून गेलतो."

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली.

परत आली तेव्हा नाल्याकडच्या तुकड्यात डवरा फिरलेला होता. उकंडानं एका पायावर रेटून दीड दिवसात काढला होता. पायविहिरीच्या काठावर, वरच्या चौथऱ्यावर कोणाचं तरी घमेलं ठेवलं होतं, आणि त्यात पाय घालून उकंडाच बसला होता. खाली उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याला तो दम देत होता, "बाप्पा, पाय वर घ्या. नाही तं वहिनी येईन आन् मांडीवर घेईन." लोक हसत होते. कोणी ऐकत होतं, कोणी त्याची पाठ वळली की बेलाशक पाय बुडवत होतं. म्हणून रोज दुपारी वावरातून येऊन कोकिळा पायरीवर बसू लागली. शिव्या खाल्ल्या. एकदा कोणी तिच्या घड्यात शेण टाकलं; तिनं घडा घासला आणि पुन्हा येऊन बसली. घरी माठावर दुहेरी फडकं होतं. ते सासूनंच बांधलं होतं. शेजारणीनं विचारलं होतं, "कोन मेलं वं?" त्यावर सासू म्हणाली होती, "अजून कोनी नाही."

पण पडीत जमीन रिकामी होती.

कोकिळा घाटंजीला असतानाच रस्त्याचं काम पुढं सरकलं आणि टोळी उठून गेली. पालांच्या खुंट्यांची भोकं पावसानं भरली होती. जिथं रुपीबाईची चूल होती तिथं राखेचा चिखल, आणि झोळी बांधायच्या फांदीला दोरीचा तुकडा तेवढा राहिलेला. विहिरीवर त्या दिवशी कोकिळेनं सगळं सांगितलं होतं, एक सोडून. हे वर्षानं निघतं, आज ठणठणीत दिसणाऱ्या लेकराच्या पायातूनही निघतं, हे तिनं रुपीबाईच्या तोंडाकडं बघून गिळलं होतं. नंतर निवांतपणी सांगू, असं तिच्या मनात होतं. महिनाभर आपल्याच घड्यातलं पाणी तिनं आपल्याच हातानं सोमलीला पाजलं होतं.

छबूचे पाय कोकिळा रोज दाराच्या उजेडात बघते. आजवर काही नाही. पुढचा आखाड यायचा आहे, आणि त्याच्या पुढचाही. काही निघालंच तर काडी आहे, घमेलं आहे, आणि न हलणारे हात आहेत. छबूला बघायला ती आहे.

टोळी बाभुळगावाकडं गेली, असं उकंडा म्हणतो. कोणी म्हणतं, तिथूनही पुढं गेली. तुमचं जाणं-येणं त्या अंगाला होत असेल आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं दिसली, तर जरा थांबा. रुपीबाई कोण ते विचारा. तिच्या बरगडीवर बैलाच्या शिंगाचा वण आहे, आणि ती लगेच हसते. तिच्या सोमलीला उजेडात घ्या आणि घोट्यापासून वर पायांवरून बोटं फिरवून बघा. ती खिदळेल, खिदळू द्या. फोड दिसला तर पाय विहिरीत घालू देऊ नका, आणि दोरा कोणाला ओढू देऊ नका. आणि काही नसलं, तर तेवढंच करंजखेडला कोणाजवळ तरी सांगून पाठवा.